तेवढा नंबर सांगता का?

लोक म्हणतात, झ्येमोविट डोंगराला धडकून मेला. काहीतरीच! माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा तो, मला विचारा. भिडेपायी गेला मेला.

दातांच्या कवळ्या बनवायचा. गावाला दात दिले, स्वतःचे कधी कुणाला दाखवले नाहीत. बेकरीवालीने शिळा पाव दिला तरी आभार मानून घरी आणायचा, आणि माझी बहीण बोगना तोच पाव त्याच्या पुढ्यात आपटायची.

"तोंड दिलंय ना देवाने तुला?"

"जाऊ दे गं. दमली होती बिचारी."

पन्नाशीत विमान चालवायला शिकला. वर कुणी ढकलाढकली करत नाही, म्हणायचा. दर रविवारी विमानांच्या क्लबचं जुनं दोन माणसांचं विमान घेऊन बेस्किदच्या डोंगरांवर चक्कर मारायची, जेवायला घरी. बोगनाने बाल्कनीत एक रेडिओ ठेवला होता. तो एका नंबरावरून दुसऱ्यावर सरकत राहायचा आणि विमानांचं बोलणं जिथे चालू असेल तिथे आपोआप थांबायचा. त्यावर ऐकू यायचं, बोलता यायचं नाही. नवऱ्याचा आवाज आला की ती बटाटे उकडायला टाकायची.

त्या रविवारी मीही तिथेच होते. तो परत फिरला तर खाली ढग दाटलेले. आता रेडिओच्या पुढच्या नंबरावर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर, बोला, तिथून तुम्हाला सुखरूप खाली आणतील, असं त्याला जमिनीवरून सांगितलं होतं. हे आम्हाला मागाहून कळलं. लावताना नंबर चुकला असणार. विमानातल्या त्या जुनाट यंत्रात नवा लावला की आधीचा पुसला जातो, आणि घाबरल्यावर माणसाच्या डोक्यात काय राहतंय कपाळ!

संकटकाळचा नंबर मात्र प्रत्येक वैमानिकाला पाठ असतो. मोठ्या विमानांतले सगळे तो चालू ठेवतात. झ्येमोविट तिथे गेला आणि आमचा रेडिओही नेमका तिथेच थांबला.

"माफ करा, मला पुढचा नंबर सापडत नाहीये. तेवढा सांगता का कुणी?"

"ए बाबा, हा संकटाचा चॅनल आहे!" एक जण खेकसला.

"आजोबा, चष्मा घरी राहिला वाटतं?" दुसरा.

मग कुणीतरी मांजराचा आवाज काढला. म्यांव. तिसऱ्याने लगेच साथ दिली. चुकून कुणी तिथे बोललं की हे लोक अशीच मांजरं होतात आणि खिदळतात. मेल्यांनो, शेकडो जीव पाठीशी घेऊन उडता ना रे!

"संकटात आहे म्हण!" बोगना रेडिओकडे बघून किंचाळली. "म्हण ना रे, मूर्खा!"

"क्षमा करा," झ्येमोविट म्हणाला. "तुम्हाला उगाच त्रास दिला. बघतो मी."

आणि तिथूनही गेला. बोगनाने त्याला फोन लावला, पण उडताना तो फोन बंद ठेवायचा. नियम ना! मी क्लबला लावला, कुणी उचलेना.

रेडिओ पुढे सरकत राहिला आणि एका ठिकाणी थांबला. जमिनीवरून एक बाई, झोपलेल्या लेकराला उठवावं तशी, त्याच्या विमानाला हाका मारत होती. "ऐकू येतंय का? मी इथेच आहे. उत्तर द्या." परत तेच. परत तेच. आणि रेडिओच्या काचेवर तिचा नंबर, त्याला सापडत नव्हता तोच, लखलखीत दिसत होता.

बोगना कठड्यावर ओणवी झाली आणि ढगांकडे बघून तो नंबर ओरडू लागली. एकेक आकडा, सुटा सुटा, घसा फाटेपर्यंत. मी तिला कमरेला धरून ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, रविवार आहे आज!" आणि खिडकी लावून घेतली.

ती ओरडतच राहिली.