पिवळी वायर

माझ्या मामाला बाजारात कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळून बघेलच असं नाही. तिथे तो पंखेमास्तर. जिन्याखालची चिंचोळी खोली हे त्याचं दुकान, आणि एक पाय मोडलेलं टेबल हा त्याचा कारखाना. कॉम्प्युटर, अॅम्प्लिफायर, प्रोजेक्टर, काहीही आतून तापू नये म्हणून त्यात छोटा पंखा असतो. तो कोकलायला लागला की माणसं मामाकडे येत. मामाचं काम एवढंच, की मशीन गार असताना पंखा हळू फिरावा आणि तापलं की जोरात. "गरज नसताना बोंबलायचं कशाला?" असं तो म्हणे. हा नियम त्याने स्वतःच्या तोंडाला कधी लावला नाही, ही गोष्ट वेगळी.

पंख्याला तीन वायरी असतात. लाल आणि काळी वीज पोचवतात. पिवळी उलट दिशेने बातमी आणते, पंखा किती फिरतोय त्याची. पंखा थांबला किंवा फार मंदावला की ती बातमी घेऊन मशीन भोंगा वाजवतं. भोंग्याला कंटाळलेली गिऱ्हाइकं म्हणत, तो आवाजच बंद करून टाका. मामा मशीन उचलून परत त्यांच्या हातात देई. "पिवळीला मी हात लावत नाही. सगळ्या मशीनमध्ये ती एकटीच खरं बोलते." एका स्टुडिओवाल्याला तर यावरून त्याने दुकानाबाहेर काढला होता.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईची फुप्फुसं थकली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. कुणीतरी आधी वापरलेलं, जुनं. त्याचा पंखा दिवसभर घरघरायचा. आईला आधीच बोलायला दम पुरत नसे, आणि जे बोले ते त्या घरघरीत बुडून जाई. मामा रोज दुपारी आमच्याकडे जेवायला यायचा. बहीणभाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचे.

एक दिवस आई ओरडूनच म्हणाली, "भिंगरी, जगाची मशीनं गप्प केलीस. बहिणीचं तेवढं राहिलं का रे?"

भिंगरी हे त्याचं लहानपणचं नाव. मामाने पंखा मंद केला, भोंगा वाजला. जरा वाढवला, घरघर परत. तीन दुपारी हाच खेळ. चौथ्या दिवशी आईला सिलिंडर लावून त्याने मशीन दुकानात नेलं आणि संध्याकाळी परत आणलं. चालू केलं तर भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. आई हसली. पुढच्या महिनाभरात ती जेवढं बोलली तेवढं वर्षात बोलली नव्हती. मामाने लहानपणी उघडून ठेवलेल्या रेडिओवरून तिने त्याला नव्याने झाडलं. मी कौतुकाने मामाच्या पानात एक पोळी जास्त वाढू लागले.

मग ती दुपार आली. ऊन फार म्हणून मी आईच्या खोलीतला पडदा ओढला आणि स्वयंपाकघरात गेले. पाऊण तासाने चहा घेऊन आले तर आईचे ओठ जांभळे पडले होते. मशीनवरचा हिरवा दिवा छान चालू होता. मशीन मात्र तापून कधीच बंद पडलं होतं. ते इतकं शांत असायचं, की बंद पडलेलं कळलंच नाही.

आई नऊ दिवस हॉस्पिटलात होती. मशीन मामानेच उघडलं. पडद्याचा सुटलेला धागा पंख्यात अडकला होता, तो त्याने मला काढून दाखवला. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढ्या मोठ्या मुलीला पडदा नीट लावता येऊ नये?" मी रडले. मामा तिथेच होता, खाली मान घालून. मला वाटलं, त्याला माझी दया येतेय.

आई घरी आली, पण तिचे शब्द अडखळू लागले. माझ्या नावासाठी तिला थांबावं लागे. त्या दिवशी मामाने मशीन आणलं, आमच्या दोघींसमोर त्याची पाठ उघडली आणि आतून काढलेली नखाएवढी सर्किटची पट्टी चिमटीत धरली.

"धागा अडकला हे खरं. पण पंखा थांबला तेव्हा भोंगा वाजायला हवा होता. ताई, मी पिवळीला खोटं बोलायला लावलं होतं. पंखा फिरो, न फिरो, ही पट्टी सांगायची, सगळं ठीक आहे."

"नऊ दिवस, मामा?" मी किंचाळले. वायरीचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. "नऊ दिवस तू मला रडताना बघितलंस?"

आईने हाताने मशीन लावायची खूण केली. मामाने पिवळी होती तशी जोडली, पंखा पूर्ण सोडला. खोलीभर घरघर सुरू झाली.

आईने मामाकडे बघितलं आणि ती काहीतरी म्हणाली. शिवी दिली, माफ केलं की पाणी मागितलं, कळलं नाही. मामाने कान तिच्या तोंडाजवळ नेला. ती पुन्हा म्हणाली. त्याने मान हलवली, ऐकू येत नव्हतं. त्याचा हात पंखा कमी करायला मशीनकडे गेला, मध्येच थांबला, आणि त्याने तो मागे घेतला.

तिसऱ्यांदा बोलायला आईला दम उरला नव्हता.

मामा अजून रोज जेवायला येतो. मी वाढते, मोजून दोन पोळ्या. आम्ही बोलत नाही. बोललो तरी त्या आवाजात ऐकू कुठे येणार?