खदानीतली वहिवाट

ताडकळसच्या शिवारात जमीन अशी सपाट, की घागर सांडली तर पाण्याला कुटं जावं ते कळत न्हाई. अशा मुलखातला आश्रुबा डोंगरावर पळायच्या शर्यतीला नाव देतो, हेच लोकांना खूळ वाटायचं.

आश्रुबा बोरातल्या मोटारी ओढायचा. तीनशे फूट पाइप, त्याच्या खाली मोटार. हिसका बसला की तळहाताची सालटी निघायची. चाळिशी ओलांडली तरी दंड बैलाच्या मानेसारखे. पण पायांनी दगा दिला. मागल्या साली जिंतूरकडच्या डोंगरावर तो अर्ध्या चढालाच पालथा पडला आन् चौघांनी त्याला झोळीत घालून खाली आणला, पोरीबाळींच्या देखत. तवापासून डोक्यात एकच: औंदा माथ्यावर जायचं, आपल्या पायानं. नंबर गेला खड्ड्यात.

आता चढ कुटून आणावा? शेवटी सापडला तो जमिनीच्या खाली. चुलतभाऊ बन्सीधरच्या रानात मुरमाची जुनी खदान होती, पाच परस, म्हंजी तीसेक फूट खोल. टिप्पर वर यायला केलेली चढण तशीच पडून होती. आश्रुबा रोज झुंजूमुंजू होताना बन्सीधरच्या बांधावरून जायचा, खदानीत उतरायचा आन् त्या चढणीवर वीस-वीस खेपा करायचा, ओकारी येईस्तोवर. पाय ऐकंनात, तर स्वतःच्याच मांडीवर बुक्क्या घालायचा. "चल की भाड्या," असं मांडीलाच म्हणायचा.

दोन महिन्यांत गवत मरून बांधापासून खदानीपर्यंत पांढरी पायवाट पडली. बन्सीधरनं ती दोनदा पावलांनी मोजली. आपल्याकडं एखादा माणूस रोज रिकाम्या हातानं तुमच्या रानातून जाया लागला, तर त्याचा अर्थ एकच. वहिवाट. उद्या हा तहसिलात उभा राहून म्हणणार, साहेब, हा माहा जुना रस्ता हाय. पंच येतात, पायवाट बघतात, आन् गेलं रान. ह्याच बांधापायी दोघांच्या बापांनी एकमेकांची टकुरी फोडली होती. आश्रुबाचा बाप मरेस्तोवर एका कानानं बहिरा होता. डोंगर चढायला माणूस खड्ड्यात उतरतो, हे बन्सीधरला कोण पटवणार?

आधी वाटेवर बाभळीच्या फांद्या पडल्या. आश्रुबानं टाचेतला काटा उपटला आन् पळाला. मग बन्सीधरनं कुत्रं सोडलं. पोटरीचा लचका गेला. दवाखान्यात सुई टोचून घेऊन गडी तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"आवं, सडकंवर पळा की," कावेरी, त्याची बायको, म्हणाली.

"सडकंला चढ हाय का?"

"मंग मरा तिकडं खड्ड्यात."

शर्यतीला तीन आठवडे राहिले असताना बन्सीधर कुदळीचा दांडा घेऊन खदानीच्या तोंडाशी उभा राहिला.

"कामून येतुस रे रोज?"

"पळायला."

"मला येडं समजायलास? वहिवाट पाडायलास तू माह्या रानात."

"तुहं रान मला हागायलाबी नको."

पहिला फटका बरगडीवर बसला. आत वाळली काटकी मोडल्यासारखा आवाज आला. दुसरा आश्रुबानं हातावर झेलला आन् दांडा हिसकला. बोरातून मोटार उपटणारे हात ते. दांड्याबरोबर बन्सीधरबी आला. आश्रुबानं त्याच्या तोंडावर कपाळ हाणलं. नाक फुटलं. मग दोघं एकमेकाला कवळा घालून, चावत, बोचकारत, माती खात काठापर्यंत लोळले, आन् काठच ढासळला.

खाली बन्सीधर, त्याच्यावर आश्रुबा. बन्सीधरच्या नडगीचं हाड कातडं फाडून बाहेर आलं.

ह्याला इथंच सोडावा, असं आश्रुबाच्या मनात आलं. खोटं कशाला सांगावं? दहा पावलं तो एकटा चढलाबी. मागून बन्सीधर गुरावाणी वरडायला लागला, तवा शिवी हासडून माघारी आला. शर्ट फाडून नडगी आवळली आन् त्याला पाठुंगळी घेतला.

मोडक्या बरगडीवर बन्सीधरचं अख्खं ओझं. निम्म्या चढणीवर बन्सीधरला वाटलं, हा मला वर नेऊन पुन्हा ढकलणार. त्यानं आश्रुबाचा कान दातात धरला. पाळी तुटून लोंबायला लागली.

"सोड, मुडद्या! वर न्यायलोय ना तुला!"

"म्हून तं भ्या वाटायलंय," बन्सीधर कानातले दात न काढता बोलला.

वर बन्सीधरची बायको पार्वतीबाई धावत आली. रक्त बघून तिनं आधी आश्रुबाच्या तोंडावर दगड हाणला, काय झालं ते मग विचारलं.

पोलिसात दोन्हीकडून तक्रारी गेल्या. दवाखान्यात खाटेवरूनच बन्सीधरनं अट घातली: स्टॅम्पावर लिहून दे, मंगच तक्रार माघारी घेतो. आश्रुबानं लिहून दिलं. वहिवाट न्हाई, हक्क न्हाई, ह्या रानात पुन्हा पाऊल टाकणार न्हाई. बन्सीधरनं कागद दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"म्हंजी खरंच पळायला येत व्हतास?"

"व्हय."

"आरं मंग आधी सांगायचं न्हाई का?"

आश्रुबानं पट्टीतला कान चाचपला आन् उठला.

डॉक्टरनं सहा आठवडे पडून राहायला सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात बरगड्या पट्ट्यानं आवळून आश्रुबा डोंगराला भिडला. दर श्वासाला आत सुरी फिरायची. शेवटच्या चढावर तो तोंडावर पडला, ओठ फाटला. रांगत जावं वाटलं. रांगला न्हाई. मांडीवर बुक्क्या हाणत उठला, माथ्यावर गेला आन् तिथल्या धोंड्याला धरून ओकला. त्याच्या पुढं तीनशे माणसं पोचली होती, मागं अकरा उरली होती.

दुसऱ्या दिवशी बन्सीधर ओसरीत बसला होता, पायातून डॉक्टरनं घातलेल्या सळया बाहेर आलेल्या. समोरच्या रस्त्यानं आश्रुबा चालला होता.

"कितवा आलास रे?"

"तीनशे एकावा."

"आन् एवढ्यापायी माहा पाय मोडलास?"

"माथ्यावर गेलो की. माह्या पायानं."

बन्सीधरनं कुबडी फेकून मारली. नेमकी बरगडीवर बसली. आश्रुबा मटकन रस्त्यातच खाली बसला. त्याला हसू आवरत नव्हतं आन् हसलं की जीव जात होता.

"पार्वते," बन्सीधर आत वरडला, "दुसरी कुबडी आण गं! हसायलाय त्यो!"