दस्तीखालची बोटं

सर गेल्याचं कळलं तेव्हा मी नांदुऱ्याच्या ऑफिसात एक पत्र टाईप करत होतो. फोन खांद्यात दाबलेला. पलीकडून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, एवढंच म्हणाल्या, "सुधाकर, सर गेले रे..." आणि माझी बोटं ओळ पूर्ण करूनच थांबली. माझी मलाच लाज वाटली. पण ही खोड त्यांनीच लावलेली. इंगळे सरांच्या टायपिंग क्लासात ते आपली दस्ती, म्हणजे चौकड्यांचा मोठा रुमाल, आमच्या हातांवर टाकायचे. खाली पाहायची सोयच नाही. "डोये कागदावर ठेव बे, बोटं आपली जागा हुडकतात," म्हणत मागून फिरायचे. अर्ध्या तालुक्याचे कारकून त्या दस्तीखालून निघाले. मीही त्यातलाच.

क्लास बंद पडला, सरांची साठी उलटली, आणि काकूंच्या गुडघ्यांना मेहकरच्या माहेरची एसटी झेपेना. तेव्हा सरांनी गाडी घ्यायचं ठरवलं आणि मला सोबत नेलं. पहिल्याच शोरूममध्ये विक्रेत्याने पाटीएवढा स्क्रीन कौतुकाने दाखवला. एसी, पंखा, गाणी, सगळं त्याच्यात. सरांनी शांतपणे खिशातून दस्ती काढली, स्क्रीनवर टाकली, डोळे समोर ठेवले आणि खालून हात घातला.

"काई लागत नाही ना हाताले. सपाट काच. पंखा वाढवाले मी खाली पाहू, मंग रस्ता कोन पाहीन?"

"सर, आता जमाना असाच आहे," मी म्हणालो. खरं तर मला चारचौघांत ओशाळल्यासारखं झालं होतं.

"जमान्याले असतीन चार डोये. मले दोनच हायेत."

अशा तीन शोरूम झाल्या. शेवटी एका गाडीचं सगळ्यात साधं मॉडेल निघालं, गोल खटके असलेलं. दस्तीखालून त्यांनी पंखा, लाईट, वायपर अचूक लावले आणि माझ्याकडे पाहून हसले. ऑफिसात मी हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. त्याचं आता वाईट वाटतं. दोन वर्षं त्यांनी काकूंना त्याच गाडीतून सुखरूप माहेरी नेलं-आणलं.

मग लकवा आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात पाहिलं तर डाव्या हाताची बोटं चादरीवर नेमाने हलत होती. सर टाईप करत होते... मी हात त्यांच्या बोटांखाली धरला. क्लासात पहिला आलेला विद्यार्थी मी. पण उजव्या हाताची अक्षरं येतच नव्हती, प्रत्येक शब्द अर्धाच. ते परत परत तेच लिहीत होते आणि मला एकही शब्द लागत नव्हता.

"काय म्हनून राह्यले?" काकूंनी विचारलं.

"पाणी मागत असतील," मी म्हणालो. काकूंनी चमच्याने पाणी पाजलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटं मिटली. त्यानंतर ती हलली नाहीत.

बॅटरी उतरू नये म्हणून मी दर रविवारी सकाळी त्यांची गाडी सुरू करतो. दस्ती अजून समोरच ठेवलेली आहे. ती हातावर घेतो, डोळे मिटतो. लाईट, वायपर, पंखा... सगळं पहिल्या झटक्यात सापडतं. परवा काकू खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"सुधाकर, पानीच मांगत होते ना रे ते?"

"हो काकू," मी म्हणालो, आणि दस्तीखालून पंखा एक घर पुढे केला.