साखर कुठं असते?

आमच्या घरात यंदा बारावी आहे. मुलगी बारावीत आहे, असं मी म्हणत नाही, कारण ती एकटी बारावीत नाहीच. टीव्ही बारावीत आहे, मिक्सर बारावीत आहे, पंचाहत्तरी ओलांडलेले माझे सासरेसुद्धा बारावीत आहेत. कुकर लावायचा तो ती क्लासला गेल्यावर. कुणा पाहुण्यानं जालन्याला यायचं नाव काढलं की मी फोनवरच सांगते, परीक्षा होऊ द्या, मग या चांगले राहायला. कुणी रागावत नाही. प्रत्येकाच्या घरात ही बारावी कधीतरी होऊन गेलेली असते किंवा व्हायची असते.

मुलगी हुशार आहे. आई म्हणून नाही सांगत, क्लासचे सर सांगतात. तिला डॉक्टर व्हायचंय. माणसाच्या पोटात काय काय आहे आणि ते कशासाठी आहे, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण तुरीची आणि हरभऱ्याची डाळ समोर ठेवली तर तिला ओळखता येत नाही, आणि तिचा आजा जन्मभर तूर पिकवत आला. गॅस बंद कर म्हटलं तर विचारते, कुठल्या बाजूला फिरवू. रिक्षावाल्याला घर सांगायचं असेल तर मोबाईलवरचा नकाशा त्याच्या नाकासमोर धरते. फोन आला तर उचलत नाही, वाजून वाजून बंद होऊ देते आणि मग मेसेज करते, ‘बोला’.

हे सगळं मी ऑफिसात डबा खाताना रंगवून सांगायचे. माझं ऑफिस मंठ्याला. आम्ही चार-पाच जणी एकत्र जेवतो आणि प्रत्येकीकडे आपापल्या घरातला एक तरी किस्सा असतो. एकीच्या मुलानं भात लावला होता, पाणी न घालता. एकीच्या मुलीला उशीला अभ्रा घालता येईना, म्हणून ती उशीवर अभ्रा नुसता पसरून झोपली होती. आम्ही पोट धरून हसायचो. संध्याकाळी घरी जाऊन मी पुन्हा पोरीला पाण्याचा ग्लास टेबलावर नेऊन द्यायचे, आणि ती स्वतः उठली तर म्हणायचे, तू बस, मी आणते.

सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणतो. सासूबाई गेल्यावर टेंभुर्णीची शेती बटईनं देऊन ते आमच्याकडे आले. त्यांना साखरेचा आजार आहे. सकाळ-दुपार गोळी, आणि गोळी घेतली की लगेच जेवायचं, हा डॉक्टरांचा हुकूम. गोडाची मात्र भारी ओढ. चहा बिनसाखरेचा प्यायचा आणि मी पाठ फिरवली की डब्यातली साखर चिमटीनं तोंडात टाकायची, हा त्यांचा कार्यक्रम मी एकदा पकडला, आणि साखरेचा डबा उचलून सगळ्यात वरच्या फळीवर, मागच्या रांगेत ठेवून दिला. नातीवर त्यांचा जीव आहे. ती आत अभ्यासाला बसली की ते बाहेर खोकतानासुद्धा तोंडावर उपरणं धरतात.

त्या दिवशी मी नेहमीसारखी भाकरी-भाजी ओट्यावर झाकून ठेवली, दोघांना वेळेवर जेवा म्हणून बजावलं आणि मंठ्याची गाडी पकडली. नवरा कारखान्यात. तिथं पाळीवर जाताना फोन गेटवर जमा करावा लागतो.

दुपारी पोरीचा फोन आला. मेसेज नाही, फोन.

“आई, आबा स्वयंपाकघरात खाली बसलेत. उठत नाहीयेत. घामानं शर्ट ओला झालाय आणि मला आत्या म्हणून राहिलेत.”

जेवले का, म्हणून विचारलं. तिनं बघून सांगितलं की ताट तसंच झाकलेलं आहे. गोळी घेतली का? गोळीचं पाकीट फोडलेलं ओट्यावर पडलेलं होतं. आणि मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली की हा हायपोग्लायसेमिया आहे, रक्तातली साखर उतरलीय, लगेच ग्लुकोज जायला हवं, नाहीतर मेंदूला धोका. अगदी शांतपणे, परीक्षेत उत्तर लिहावं तसं. खोटं कशाला बोलू, त्या घाबरलेल्या क्षणीसुद्धा मला पोरीचं कौतुक वाटलं. म्हटलं, बरोबर आहे, मग पाण्यात साखर घाल आणि पाज, पटकन.

तिनं पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “साखर कुठं असते?”

वरच्या फळीवर, मी म्हणाले, मागच्या रांगेत, मोठ्या आत्याच्या डब्यात.

इथं एक सांगायला हवं. माझ्या स्वयंपाकघरातले डबे सगळे स्टीलचे, सगळे सारखे, लग्नात आलेले. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. त्या नावांवरूनच मी त्यांना ओळखते. रवा मावशीच्या डब्यात, साबुदाणा धाकट्या मामाच्या, साखर मोठ्या आत्याच्या. मोठी आत्या म्हणजे माझी आत्या, जाफराबादला राहणारी, पोरीनं तिला एका लग्नात पाहिलेली असेल तेवढीच. आणि डब्यावर नाव आत्याचं नाही, तिच्या यजमानांचं. पोर एकेका डब्यावरचं नाव मला वाचून दाखवायला लागली. बारीक ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं, वर्षानुवर्षं घासून पुसट झालेली, तिला लागता लागत नव्हती. तिनं वाचलेली अर्धी नावं मला स्वतःलाच आठवेनात. मी डबे हातानं ओळखत आले, नावानं ओळखते असं मला नुसतं वाटत होतं.

मी म्हटलं, व्हिडिओ लाव. तिनं लावला. मला छताचा पंखा दिसला आणि चित्र तिथंच अडकलं. तोवर ऑफिसातल्या सगळ्या माझ्या टेबलाभोवती जमल्या होत्या, जी ती काहीतरी सुचवत होती. पलीकडून झाकणांचे आवाज येत होते. एक डबा खाली पडला.

“हे पांढरंय. हीच का?”

“चाखून बघ ना गं.”

“मीठ आहे.” आणि लगेच, “आई, आबांचे डोळे मिटून राहिलेत.”

शेजारच्या काकूंना मी मैत्रिणीच्या फोनवरून फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग लक्षात आलं, पोरीच्या फोनमधून मघापासून घरघर ऐकू येत होती. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं होतं. किती दिवसांनी येतं ते आम्हालाच ठाऊक, त्यामुळं आलं की सगळ्या घरांच्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि बायका नळी धरून टाक्यांपाशी असतात. काकू अंगणातच असणार, फोन आत. मी पोरीला म्हटलं, दारात जा आणि काकूंना हाक मार.

ती फोन घेऊनच दारात गेली. मला ऐकू आलं, “काकू.” थोडं थांबून, “काकू, एक्सक्यूज मी.”

मोठ्यांदा, मी म्हणाले. ओरड. मीच इकडे इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

“आई, मी ओरडतेच आहे.”

ती खरंच ओरडत होती. तिच्या परीनं तेच ओरडणं होतं. इतक्या दिवसांत त्या घरात कुणी कुणाला मोठ्यानं हाक मारलेली नव्हती, आणि त्या मोटारींच्या आवाजात तिचा तो बारीक आवाज फाटकापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. मी म्हटलं, हाक राहू दे, त्यांच्या घरात जा, हात धरून घेऊन ये. ती म्हणाली, असं कसं जाऊ, त्यांचं नावही मला माहीत नाही. नाव कशाला लागतंय, मी म्हणाले, आणि फोन तुटला.

नंतर लागलाच नाही. मी पर्स उचलली आणि धावत स्टँडवर आले. जालन्याची गाडी नुकतीच गेली होती, म्हणून एका जीपमध्ये मागच्या बाजूला बसले. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलेना. मी त्याला हात जोडले. त्यानं बिचाऱ्यानं दोन सीट रिकाम्या असतानाच गाडी काढली. वाटेत मी फोन लावत होते, रेंज येत होती, जात होती. मला पोरीचा राग आला. मग क्लासचा आला, नवऱ्याच्या कारखान्याचा आला, त्या डब्यांचा आला, लग्नात सगळ्यांनी एकसारखेच डबे का दिले याचाही आला. राग संपल्यावर नुसती भीती उरली आणि मी शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्याला टेकून रडले.

अर्ध्या वाटेवर काकूंचा फोन आला. आबा शुद्धीत होते.

काकूंनी सांगितलं ते असं. त्या नळी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत टाकायला वळल्या, तर पाठीमागं पोर उभी, दोन हातांत दोन डबे, डोळ्यांतून पाणी. “मी म्हणलं, आवाज द्यायचा की गं. तर म्हणती, दिल्ता.” त्यातला एक डबा मोठ्या आत्याचाच होता. तिला तो सापडला होता. पण झाकण घट्ट बसलेलं, ते तिला निघेना. काकूंनी डब्याची कड उंबऱ्यावर आपटली, झाकण उडालं, आणि त्यांनी आबांच्या तोंडात आधी चिमटीनं साखर सोडली, मग साखरेचं पाणी पाजलं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, मोटार तशीच चालू राहिली आणि टाकी भरून पाणी वाहून गेलं. मला आधी आबांचं सांगून मग त्यांनी ते सांगितलं, पण सांगितलंच.

मी पोचले तेव्हा आबा पलंगावर टेकून बसले होते, डॉक्टर बघून गेले होते. स्वयंपाकघरात साबुदाणा सांडलेला. पोर भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. मी तिच्याजवळ बसले तर ती मला समजावून सांगायला लागली, गोळीनं शरीरात काय होतं, उपाशी राहिलं की यकृत काय करतं, ते कुठं कमी पडतं. सगळं बरोबर असावं. सांगून झाल्यावर म्हणाली, “आई, मला सगळं माहीत होतं.”

मी तिला जवळ घेतलं. तोंड धू म्हणून तिला खोलीत घेऊन गेले, तर टेबलावर पुस्तकांच्या मधोमध एक अर्धं खाल्लेलं चॉकलेट पडलेलं होतं. आम्ही दोघींनी एकाच वेळी पाहिलं. ना तिला आठवलं होतं, ना मला, आणि ते मीच तिला आदल्या दिवशी आणून दिलं होतं.

त्यानंतर मी ठरवलं की हिला रोज संध्याकाळी घटकाभर स्वयंपाकघरात घ्यायचं. पहिल्या दिवशी तिनं चहा केला, आबांसाठी बिनसाखरेचा. पुढं दोन-तीन दिवस चाललं. डाळी ओळखल्या, झाकण काढायला शिकली, डब्यांवर आम्ही कागद चिकटवले. मग चाचणीत मार्क कमी आले आणि सरांचा फोन आला, घरी काही प्रॉब्लेम आहे का. नवरा म्हणाला, आता थोडेच महिने राहिलेत, कशाला तिच्या मागं लागतेस. तो चूक आहे, असं ठामपणे मलाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी मीच पाण्याचा ग्लास आत नेऊन दिला. तिनं मान वर न करता घेतला.

आबांना मात्र मला एक विचारायचं होतं. एका सकाळी त्यांना चहा दिला, शेजारी बसले आणि विचारलं, गोळी घेतल्यावर जेवला का नाहीत?

“ती आत पेपर सोडवून राह्यल्ती. म्हणलं, व्हईल आता. मंग संगंच जेवू.”

पण जीव घाबरा झाला, हात थरथरायला लागले, ते तरी कळलं असेल ना. कळलं होतं, ते म्हणाले. म्हणूनच साखर बघायला आत गेल्तो, नेहमीच्या जागी डबा दिसला नाही. पुढचं आठवत नाही.

मी कपाळाला हात लावला. ती भिंतीच्या पलीकडे होती. म्हटलं, आबा, इथून पुढं असं काही वाटलं तर आधी तिला हाक मारायची, पेपर असो की काही असो, दार वाजवायचं, दार उघडून आत जायचं. मला शब्द द्या.

त्यांनी मान हलवली. तिच्या बंद दाराकडे एकदा बघितलं, होता तो आवाजही आणखी खाली आणला आणि म्हणाले, “मारीन की. तेवढी परीक्षा होऊ दे.”