कंसातले सव्वातीन

दिलेलं दान कधीही वाया जात नाही. आमच्या वाचनालयाच्या जिन्यात, पहिल्या वळणावर, हे वाक्य संगमरवरात कोरलेलं आहे. खाली ते वाक्य दान करणाऱ्याचं नाव आहे आणि ते वाक्यापेक्षा मोठ्या अक्षरांत आहे.

वाचनालय दानावर उभं आहे असं आम्ही म्हणतो तेव्हा त्यात अलंकार नसतो. खुर्चीच्या पाठीवर नाव, घड्याळाच्या काचेवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा नावं आहेत, पण ती पंखा बंद असला तरच वाचता येतात. म्हणून देणगीदार आले की आम्ही पंखे बंद करतो आणि ते घाम पुसत आपलं नाव वाचतात. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मला या संस्थेची कार्यवाह करण्यात आलं. ‘तुम्हाला आता वेळ आहे,’ असं अध्यक्ष म्हणाले. त्या दिवसापासून तो नाही.

या वाचनालयाला एका गृहस्थांनी संगणकाची मेमरी दान केली. ते मूळचे नामपूरचे, कांद्याचे व्यापारी. आता धंदा सोडून गंगापूर रोडला मुलाकडे राहतात. त्यांची पत्नी आमची जुनी सभासद. आठवड्यातून दोनदा ती यायची आणि हे खाली चहाच्या टपरीजवळच्या बाकावर बसायचे, वर कधी चढायचे नाहीत. तिने पुस्तकाचं नाव सांगितलं की आमच्या ग्रंथपालबाई ते संगणकात टाकायच्या आणि मग दोघी बोलत बसायच्या, कारण संगणक विचारात पडलेला असायचा. गुडघे, सुना, मालिकांतल्या सुना, एवढं होईपर्यंत कुठे कपाटाचा नंबर यायचा. खाली दोन चहा झालेले असत.

त्या वेळात आणखी एक उद्योग चालायचा. आमच्या ग्रंथयादीत ‘शेरा’ नावाचा एक रकाना आहे. इतर पुस्तकांपुढे त्यात ‘बांधणी सुटली’, ‘पाने गायब’ असलं लिहिलेलं असतं. ही बाई परत केलेल्या पुस्तकाविषयी आपलं मत सांगायची आणि ग्रंथपालबाई ते तिथे टाकून द्यायच्या. ‘नायक शेवटी सुधारतो. नसता सुधारला तर बरं झालं असतं.’ ‘पहिली साठ पानं सोडावीत, लेखकाने सोडायला हवी होती.’ घरी जाताना ती नवऱ्याला सांगायची, आज एकाची चांगली जिरवून आले. सभासद आता पुस्तक नेण्याआधी तिचा शेरा विचारतात. समीक्षेला एवढं गिऱ्हाईक मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ती गेली त्याला आता वर्ष झालं. त्यानंतर हे गृहस्थ पहिल्यांदा जिना चढून आले, धाप जिरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, ‘ताई, तिच्या नावाने काहीतरी द्यायचंय. पंखा नको. ते मशीन लय वाट पाहायला लावतं असं ती म्हणायची. त्याला काय लागतं?’

मला हा प्रश्न आवडला. संस्थेला काय लागतं हे देणगीदार सहसा विचारत नाहीत.

शालिमार चौकातल्या एका संगणकवाल्याने मशीन पाहिलं आणि मेमरी फार कमी आहे, वाढवा, असं सांगितलं. किती वाढवायची? ‘जेवढी घालाल तेवढी चांगली.’ गृहस्थ म्हणाले, मग आठ जीबी घाला. चार-चार जीबीच्या दोन हिरव्या पट्ट्या आल्या, लांबीला बोटाहून थोड्या मोठ्या. त्याने जुनी काढली, या दोन बसवल्या, पेटी बंद केली. संगणक खरोखरच चटचट चालायला लागला. गोष्ट इथे संपायला काहीच हरकत नव्हती.

पण मेमरी पेटीच्या आत असते, बाहेरून दिसत नाही, आणि हे आमच्या अध्यक्षांना पटेना. अध्यक्ष निवृत्त अधिकारी आहेत. कोणत्या खात्याचे ते त्यांच्या प्रत्येक भाषणात येतं, म्हणून इथे सांगत नाही. ‘देणगी दिसली पाहिजे,’ ते म्हणाले. पेटीवर ‘या संगणकातील आठ जीबी मेमरी’ अशी सुरुवात करून पितळी पाटी लागली. तेवढ्याने भागेना म्हणून लोकार्पण सोहळा ठरला. संगणकाच्या ज्या पानावर मेमरीचा आकडा येतो ते पान प्रोजेक्टरवर दाखवावं, अशी सूचना आली आणि एकमताने मंजूर झाली. सगळ्यांनाच घरी जायचं होतं.

कुंभमेळ्यासाठी रस्ते खणलेले असल्यामुळे प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि उशिराबद्दल सविस्तर बोलले. समई लागली. कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं गेलं. ते नंतर ग्रंथपालबाईंनी जुन्या टूथब्रशने काढलं. नारळ मात्र संगणकाजवळ फोडायचा नाही, यावर त्या अडून बसल्या. अध्यक्षांनी कळ दाबली आणि पडद्यावर हातभर अक्षरांत इंग्रजी ओळ उमटली: बसवलेली मेमरी ८ जीबी. त्यापुढे कंसात: वापरता येण्याजोगी ३.२५ जीबी.

टाळ्या पडल्या. देणगीदारांनी वाजवल्या नाहीत. व्यापारी माणूस आकडा आधी वाचतो, मजकूर मग.

‘कंसात काय शे ते?’ त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

‘तांत्रिक बाब आहे,’ अध्यक्ष म्हणाले.

‘आठ दिली ना मी? मग सव्वातीन कोण म्हणतं?’

‘संगणक म्हणतो, काका,’ मागून ग्रंथपालबाई म्हणाल्या.

‘मग पावणेपाच कुठं गेली?’

‘आता आपण पाहुण्यांचं मनोगत ऐकू या,’ अध्यक्ष म्हणाले. पाहुणे डिजिटल क्रांतीवर बोलायला उठले आणि नेमके पडद्यापुढे उभे राहिले. त्यांचं भाषण संपेपर्यंत ती ओळ त्यांच्या सदऱ्यावर होती. कंस पोटावर आला होता.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीने संगणकवाल्याला बोलावलं. एका सदस्याने सुरुवातच ‘खरं काय ते सांगून टाक’ अशी केली.

‘आठ मागितली, आठ दिली,’ तो म्हणाला. ‘उघडून बघा.’

‘मग वापरता का येत नाही?’

‘सिस्टीम जुनी आहे. म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्रॅम.’

‘हे आधी सांगितलं नाहीस.’

‘तुम्ही मेमरीचं विचारलं होतं. सिस्टीमचं नाही.’

मग अध्यक्षांनी निर्णय दिला: नवी सिस्टीम टाका, वार्षिक सभेच्या आत तो कंस गेला पाहिजे, देणगीदार नाराज होता कामा नयेत.

सगळे गेल्यावर ग्रंथपालबाईंनी पंखा लावला आणि म्हणाल्या, ‘मॅडम, नव्या सिस्टीमवर यादी चालणार नाही.’

यादीचा प्रोग्रॅम एका सभासदाच्या मुलाने कॉलेजात असताना करून दिला होता. तो मुलगा आता परदेशी असतो. प्रोग्रॅमची अक्षरं त्याची स्वतःची आहेत. दुसरीकडे उघडली तर नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं दिसतात. आणि तो चालतो फक्त जुन्या सिस्टीमवर. यादी नव्यात नेता येईल का, हे आम्ही तिघांना विचारलं होतं. दोघे म्हणाले, पुन्हा टाइप करा. तिसरा म्हणाला, एकदम सोपं आहे, उद्या येतो. त्यालाही बरेच दिवस झाले.

‘मी पुढच्या वर्षी रिटायर होणार,’ बाई म्हणाल्या. ‘हजारो पुस्तकं घातलीत मी त्यात. पुन्हा टाइप करायची तर मला परत नोकरीला लागावं लागेल. आणि काकूंचे शेरे? ते तर दुसरीकडे कुठे लिहिलेलेच नाहीत.’

‘मी बोलते.’

‘कोणाशी?’

प्रश्न रास्त होता. अध्यक्षांशी बोलता येत नाही, त्यांचं ऐकता येतं. म्हणून मी देणगीदारांना बोलावलं. त्याआधी स्वतः समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. या वयात संगणकाची बाजू मांडावी लागेल असं वाटलं नव्हतं.

‘काका,’ मी म्हटलं, ‘मेमरीतल्या प्रत्येक जागेला नंबर असतो. नंबर नसेल तर संगणकाला ती जागा मागता येत नाही. जुन्या सिस्टीमकडे हा नंबर लिहायला बत्तीसच घरं आहेत आणि प्रत्येक घरात एक तर शून्य, नाही तर एक. एवढ्यात चार जीबीपर्यंतचेच नंबर बसतात. त्यापुढची मेमरी पेटीत आहे, चांगली आहे, पण तिला नंबरच नाही.’

‘म्हणजे ट्रॅक्टर मार्केटच्या आवारात उभा आहे, कांदाही एक नंबर आहे, पण नंबराची चिठ्ठी मिळाली नाही. मग त्याचा लिलाव होणारच नाही.’

‘अगदी तसंच.’

‘बरं. पण मग चार तरी पूर्ण पाहिजे. सव्वातीन का?’

‘त्याच नंबरांतले काही आधीच पडद्याला आणि इतर यंत्रांना देऊन ठेवलेले असतात.’

‘हं. रांगेत पुढं बाजार समितीच्या संचालकांच्या गाड्या.’

‘पण त्यांच्यावाचून पडद्यावर काही दिसणार नाही, काका.’

‘तेही असंच सांगायचे.’

मग मी नव्या सिस्टीमचं सांगितलं. ती टाकली की आठच्या आठ वापरात येतील, आणि यादी बंद पडेल.

‘तिचे शेरे त्यातच ना?’

‘त्यातच,’ ग्रंथपालबाई म्हणाल्या.

त्यांनी खुर्ची संगणकाजवळ ओढली. मग म्हणाले, ‘एक लावा बरं. कुठलंही.’

बाईंनी एका जाडजूड कादंबरीचं नाव टाकलं. कपाटाचा नंबर लगेच आला आणि त्यापुढे शेरा: ‘उशाला बरी आहे.’

‘आता पटकन येतं,’ ते म्हणाले.

‘हो ना. बोलायला वेळच मिळत नाही,’ बाई म्हणाल्या.

‘राहू द्या मग सिस्टीम,’ ते म्हणाले. ‘त्या दोन पट्ट्यांत एक बिनकामाची आहे म्हणता ना?’

‘पूर्णच.’

‘ती काढा. तिच्या नावाची वस्तू अंधारात बसवून काय करायचं? बाहेर ठेवा. येणाऱ्याला दिसू द्या.’

अध्यक्षांशी मी हे बोलले तेव्हा ही कल्पना आपलीच आहे हे त्यांनी चटकन ओळखलं. काचेची पेटी आली, आत लाल मखमल आली, पेटी दान करणाऱ्याच्या नावाची पाटीही आली. पुन्हा सोहळा, पुन्हा समई. अध्यक्ष म्हणाले की दान दृश्य होतं तेव्हाच ते चिरंतन होतं. देणगीदारांनी या वेळी टाळ्या वाजवल्या. दर महिन्याला तिच्या तिथीला ते येतात, पेटीला मोगऱ्याचा छोटा गजरा घालतात आणि मग संगणकापाशी बसून दोन-चार शेरे वाचतात. त्यांच्यासाठी बाई खालून चहा मागवतात.

पट्टी काढली त्या संध्याकाळी ग्रंथपालबाईंनी संगणक सुरू करून तेच पान उघडलं. बसवलेली मेमरी ४ जीबी. कंसात ३.२५.