मायची अकोल्याची गाडी

मी गाव सोडलं त्या सकाळी माय फाट्यापर्यंत आली होती. कपाशी पुन्हा बुडाली होती, त्यामुळे तिला निंदणीलाही कोणी बोलवत नव्हतं. मला मात्र शिक्षणावर पुण्यात नोकरी लागली होती. अकोल्याची एस्टी आली. खिडकीतून डबा देत ती म्हणाली, "याद आली का येजो. गाडी तं रोजच हाये." मग बाजूच्या बायांना जय भीम करून ती वळली, कारण तिला रडताना दिसायचं नव्हतं.

पुण्यात फ्लॅट झाला, कार झाली. सिग्नलला उभं राहिलं की धुराची लाज वाटायची, म्हणून ती विकून मी इलेक्ट्रिक घेतली. चार्जिंग पॉइंटसाठी मी सोसायटीत भांडलेसुद्धा. ऑफिसकडे जाणारी सिटी बस कोपऱ्यावर थांबायची, पण त्या बसमध्ये मी कधी चढले नाही. आपल्या वाट्याचं आपण केलं, असं समाधान होतं.

गेल्या उन्हाळ्यात तीच गाडी घेऊन गावी गेले. माय चहा ओतत होती आणि धार कपाच्या बाहेर पडत होती. खोदून विचारलं तेव्हा कळलं की तिला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी नेमानं अकोल्याला बोलावलं होतं, पण सकाळची एस्टी बंद झाली होती. ज्यांना जमलं त्यांनी मोटरसायकली घेतल्या, प्रवासी घटले. काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती पोचेपर्यंत तपासणी संपलेली असायची. दोन-चारदा तशीच परत आली, मग जाणंच सोडलं. फोनवर मात्र सगळं बरं असायचं.

दुसऱ्या दिवशी मी तिला अकोल्याला नेलं. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नव्हती, उजवा सांभाळायचा होता. परतताना मी म्हणाले, दर महिन्याला गाडी घेऊन येत जाईन. तिनं सीटवरून हात फिरवला.

"गाडी चांगली हाये, आवाज नाई करत. पन तू गेली का मी कायच्यात बसू?"



मी रजा वाढवली. मायच्या बचत गटातल्या बाया घेऊन आम्ही डेपोत गेलो. साहेबांनी खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि सांगितलं की त्या मार्गावर पॅसेंजरच नाहीत.

"गाडीच येत नाई, तं पॅसेंजर दिसन कसा?" माय म्हणाली.

बऱ्याच खेपांनंतर बाजाराच्या दिवशी एक फेरी मिळाली. मायनं तपासणी त्याच दिवसावर आणून घेतली. बाकीचे दिवस रस्ता एस्टीविना तसाच आहे.

आता मी ऑफिसला बसनं जाते. त्यानं तिचा डोळा उजळत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्यासारखे गाव सोडून गेलेले बरेच जण गावात नवी गाडी उभी करतात, लोक भोवती जमतात, आपल्याला बरं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण घर म्हणजे आता ती जागा, जिथून मला मनात येईल तेव्हा निघता येतं आणि माझ्या मायला येत नाही.