बारापर्यंत मोजायचं

मृणालला हे माहीत नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, माझ्या पगारापासून घोरण्यापर्यंत तिला सगळं ठाऊक आहे, पण हे नाही. सांगलीला आईला नाही, ऑफिसातल्या मित्रांना नाही — कुणालाच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू? मलाही नीट माहीत नाही. तुम्ही समोर बसून माझ्याकडे बघत नाही आहात, एवढंच पुरेसं असावं.

गोष्ट मासे पकडण्याची आहे. निदान इतकी वर्षं मी ती तशीच सांगत आलो. इथल्या गणपतीत, जेवणं झाल्यावर कुणी विचारलं की वोल्फ्सबुर्गसारख्या गावात हिवाळ्यात करता काय तुम्ही लोक, तर मी खुलतो. कालवा, बर्फ, हेर ल्यूडर्स, माझा पहिला मासा. लोक हसतात. त्यातला पहिला मासा खोटा आहे — म्हणजे मासा खरा, दिवस खोटा. पण थांबा, आधी हेर, म्हणजे मिस्टर, ल्यूडर्सबद्दल सांगतो.

ते आमचे शेजारी. त्याच जिन्यावर, समोरचं दार. निवृत्त फिटर, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे, नाकासमोर चालणारे. कचऱ्याच्या डब्यात चुकीचा कागद पडला तर वाकून काढून ठेवणारे. मला जर्मनीत येऊन तीन वर्षं झाली होती, आणि सहकाऱ्यांना सोडून माझ्याशी आपणहून बोललेला हा पहिला माणूस. काही महिन्यांनी त्यांनी मला 'डू' म्हण असं रीतसर सांगितलं, हस्तांदोलन करून. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला अरेतुरे करायला माझी जीभ उचलेना. मी शेवटपर्यंत 'हेर ल्यूडर्स'च म्हणत राहिलो. ते मला 'श्री' म्हणायचे. श्रीरंग त्यांना झेपत नव्हतं.

ते खोट्या माशीनं मासे पकडायचे. पिसं आणि दोरा गुंडाळून गळावरच बांधलेली माशी — नखाएवढी. इथे ही हौस म्हणजे डोंगरातला खळाळता ओढा आणि ट्राउट. ट्राउट खानदानी मासा. आमच्याकडे कुठला डोंगर? सपाट मुलूख, आळशी नदी आणि सरळसोट कालवा. त्यात राहणारे साधे मासे, इथले लोक त्यांना सरसकट 'पांढरे मासे' म्हणून मोकळे होतात. त्यांच्यासाठी माशी बांधायची, तीही हिवाळ्यात? क्लबातले लोक हेर ल्यूडर्सना हसायचे. ते म्हणायचे, उन्हाळ्यात मासा कुणालाही भेटतो, हिवाळ्यात त्याच्या घरी जावं लागतं.

आणि ते मला खरंच त्याच्या घरी न्यायचे हो! थंडीत मासे कुठे गोळा होतात, पुलाच्या कुठल्या खांबामागे पाणी जरा उबदार असतं, अकरा ते दोन एवढंच त्यांचं जेवणाचं दुकान कसं उघडं असतं. छोटा मणी ओवलेली जड माशी टाकायची आणि मनात मोजायचं. ती तळाशी पोचायला किती वेळ लागतो ते आकड्यांत धरायचं, मग दोरी बोटांनी इतकी हळू ओढायची की आपण ओढतोय हे आपल्यालाच कळू नये. पुलाखाली बारा आकडे लागायचे. मी मराठीत मोजायचो, नकळत, तोंडानं. त्यांना ते फार आवडलं. महिन्याभरात तेही मोजायला लागले — एक, दोन, तीन... 'अकरा'चा 'र' घशातून यायचा. मी आल्याचा चहा थर्मासातून न्यायचो. नाकाचे शेंडे लाल, बोटं बधिर, कालव्यावरून कोळशाचा एखादा लांबच लांब पडाव संथ निघून जायचा आणि आम्ही दोघं मराठीत बारापर्यंत मोजत उभे. माझ्या जर्मनीतल्या सगळ्या वर्षांत मी त्याहून सुखी कधी नव्हतो.

पण मी फक्त बघत असे. इथे परीक्षा दिल्याशिवाय, परवाना आणि क्लबाचं कार्ड असल्याशिवाय पाण्यात गळ टाकणं गुन्हा आहे. साधासुधा नाही, पोलिसात जाणारा. कृष्णेच्या काठी कणकेचा गोळा लावून बसताना मला कुणी चिठ्ठी विचारली नव्हती, त्यामुळे मला याचं हसू यायचं. हेर ल्यूडर्सना नाही यायचं. आधी परवाना, मग काठी. वसंतातल्या परीक्षेला माझं नाव त्यांनीच घातलं होतं. तोवर सराव गवतावर: काठी हातात, पण दोरीच्या टोकाला माशीच्या जागी लाल लोकरीचा गोंडा. गोंडा गवतावर कुणीही फेकावा, त्याला कायदा नाही.

जानेवारीतला शुक्रवार. मृणाल तेव्हा पुण्याला माहेरी गेलेली. मी ऑफिसातून बाराला निघालो. हेर ल्यूडर्सनी दोन काठ्या आणल्या होत्या. दुसरी जुनी, त्यांनी स्वतः पुन्हा दोरे गुंडाळून वार्निश लावलेली. परीक्षा पास झालो की ती माझी. आज फक्त हाताला सवय व्हावी म्हणून आणलेली, लाल गोंडा बांधून. ते पुलाखाली आपली माशी खेळवत होते. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

मी गोंडा सोडला आणि त्यांच्या डबीतली एक माशी बांधली.

त्यांनी वळून पाहिलं तेव्हा माझी दोरी पाण्यात होती. चेहरा कसनुसा झाला त्यांचा. मी म्हटलं, पाच मिनिटं — प्लीज.  त्यांनी दोन्ही बाजूंना रस्त्यावर नजर टाकली आणि म्हणाले, "बरं. पाच मिनिटं." जन्मात पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला असेल, आणि तो माझ्यासाठी.

दहा, अकरा, बारा... आणि काठी जिवंत झाली. लाल डोळ्यांचा, रुपेरी, हातभर नाही पण वीतभराहून खूप मोठा. हेर ल्यूडर्स माझ्याहून जास्त हरखले. जाळीत घेतला, मारला — तसाच इथला नियम, मापाचा मासा खेळायला पकडायचा नाही, खायला पकडायचा — आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पाण्यात पडायचा राहिलो.

तेवढ्यात पुलावरून सायकल उतरली. क्लबाचा तपासनीस. बिल्ला लांबूनच चमकला.

माझी पाचावर धारण बसली. तीन आठवड्यांनी माझी आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, अपॉइंटमेंट होती, इथे कायमचं राहण्याच्या परवानगीसाठी. पोलीस, गुन्हा, रद्द, परत — हे सगळं डोक्यातून एका क्षणात गेलं. मी काठी हेर ल्यूडर्सच्या हातात दिली. दिली कसली, कोंबली. दोन्ही हात खिशात घातले आणि काठावर चार पावलं बाजूला जाऊन कालव्याकडे बघत उभा राहिलो. रस्त्यानं जाताना थबकलेला कुणी असावा तसा.

तपासनिसानं विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का? हेर ल्यूडर्सनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर त्यांनी माझ्यावर सोडलं होतं, हे मला तेव्हाही कळलं. आणि मी — जर्मन भाषेची बी-वन परीक्षा पास झालेला, रोज ऑफिसात जर्मनमधून भांडणारा मी — इंग्रजीत म्हणालो, "सॉरी, नो जर्मन. जस्ट वॉकिंग."

हेर ल्यूडर्स म्हणाले, "दोन्ही काठ्या माझ्या आहेत."

माशीची काठी असेल तर एकच, हा क्लबाचा नियम. तो माणूस वहीत लिहीत होता तेव्हा मी चालू लागलो. मागे वळलोही नाही. मैलभर पुढे बस पकडून घरी आलो.

इथपर्यंतचं, समजा, भीतीनं झालं. भीतीनं माणूस शेपूट घालतो. एवढंच असतं तर मी हे कदाचित मृणालला सांगितलं असतं, हसून. पण पुढचं?

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, दार वाजलं. फ्राउ ल्यूडर्स, त्यांची बायको. हातात झाकलेली बशी. पांढऱ्या माशात काटे फार, म्हणून त्या त्याचं बारीक वाटण करून त्याच्या टिक्क्या तळत. चेहरा फुललेला. म्हणाल्या, "तुझ्या पहिल्या माशाच्या आहेत! काल घरी आल्यापासून तेच चाललंय याचं, श्रीनं मासा पकडला, श्रीनं मासा पकडला."

तपासनिसाचं त्यांनी घरी काही सांगितलंच नव्हतं, कळलं? फक्त मासा सांगितला होता.

फ्राउ ल्यूडर्स बोलक्या. बेकरीत, पोस्टात, क्लबातल्या बायकांशी. चोराच्या मनात चांदणं. मला दिसलं की ही बाई हे सगळ्या गावाला सांगणार. आणि मी, अगदी सहज, म्हणालो, "काल? काल तर मी संध्याकाळपर्यंत ऑफिसात होतो."

त्यांचा चेहरा आधी हसतच राहिला. मग हळूहळू उतरला. माझ्यावर त्यांनी संशय घेतला नाही — का घ्यावा? मी सभ्य, सुशिक्षित, जिन्यात त्यांच्या पिशव्या उचलणारा. त्यांनी संशय नवऱ्यावर घेतला. "आख सो," म्हणाल्या, म्हणजे 'असं होय'. बशी तरी ठेवूनच गेल्या. त्या टिक्क्या मी खाल्ल्या. सगळ्या. चांगल्या झाल्या होत्या.

मग क्लबाचं पत्र आलं: दोन काठ्या, सदस्य एकटाच होता. आता बघा — कागद म्हणतो एकटा, मी म्हणतो मी नव्हतो, आणि हा म्हातारा सांगतो की श्री होता, श्रीनं मासा पकडला. फ्राउ ल्यूडर्सनी काय समजायचं? त्यांनी नवऱ्याला डॉक्टरकडे नेलं. स्मरणशक्ती तपासायला कागदावर घड्याळ काढायला लावतात ना, ते त्यांनी अचूक काढलं. तरीही महिन्याभरात मोटारीच्या किल्ल्या त्यांच्या खिशातून फ्राउ ल्यूडर्सच्या पर्समध्ये गेल्या. गॅस त्या स्वतः बंद करू लागल्या. क्लबानं कार्ड दोन हिवाळ्यांसाठी काढून घेतलं होतं. चौऱ्याहत्तरीच्या माणसाचे दोन हिवाळे! ते संपले तरी त्यांनी पुन्हा कार्ड मागितलं नाही.

आणि मला? एका शब्दानं बोलले नाहीत. जिन्यात भेटले की "मॉइन, श्री." मी नजर टाळायचो. पहिल्या वर्षी त्यांच्या नजरेत प्रश्न असायचा. वाट बघणारा, रागाचा नाही. पुढे पुढे तो प्रश्न त्यांनी माझ्याकडून काढून स्वतःकडे वळवला. हे मला दिसत होतं. मी मूग गिळून बसलो. परवानगी मिळाली तरी बसलो. मग नागरिकत्व मिळालं, आता मला या देशातून कोण हाकलणार होतं? तरी बसलो. परीक्षा पास झालो तेव्हा ती जुनी काठी त्यांनी दारात आणून दिली, आणि मी ती घेतली. त्याच पुलाखाली दर हिवाळ्यात तीच वापरतो.

पुढे त्यांचं विसरणं खरंच सुरू झालं. माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. वय होतं. पण ते विसरायला लागायच्या कितीतरी आधी, विसरतात असं घरात ठरलं होतं. आणि ते मी ठरवलं होतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी त्यांना भेटायला वृद्धांच्या होममध्ये गेलो. फ्राउ ल्यूडर्स कॉफी आणायला बाहेर गेल्या होत्या. ते खिडकीशी बसलेले, मांडीवर हात, आणि उजव्या हाताची बोटं हळूहळू हलत होती, दोरी ओढल्यासारखी. ओठांत मराठी आकडे. बारापर्यंत, मग शांतता, मग परत एकपासून. मी समोर बसलो. त्यांनी ओळखलं. आणि अगदी स्वच्छ नजरेनं विचारलं, "श्री, तो कालव्यावरचा दिवस. मोठा लाल डोळ्यांचा. तू होतास ना?"

खोलीत कुणी नव्हतं. ऐकायला कुणी नव्हतं. काय जात होतं माझं?

मी म्हणालो, "नाही, हेर ल्यूडर्स. मी ऑफिसात होतो."

"हो, हो," ते म्हणाले. "गेनाऊ. अगदी बरोबर." मान हलवली, आणि ओशाळं हसून माझी माफी मागितली. म्हणाले, हल्ली डोकं चालत नाही, मनाला येईल ते खरं वाटतं.

नोव्हेंबरात ते गेले. फ्राउ ल्यूडर्स अजून समोरच्या दारात राहतात. आमच्या उंबऱ्यापासून चार पावलं. काल जिन्यात भेटल्या, मी त्यांच्या पिशव्या वर नेऊन दिल्या आणि घरात आलो. तिथे न म्हटलेलं इथे म्हणतो.

मी होतो. शुक्रवार होता, दुपारचा दीड वाजला असेल. गोंडा मी सोडला, माशी मी बांधली, मासा माझ्या हातातल्या काठीला लागला. हेर ल्यूडर्सना सगळं नीट आठवत होतं.